घरचा कोच की भाडोत्री? (अमेरिकन कॉलेज फुटबॉल, सीझननंतरचा धागा)

बॉयलर_बापू (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. १९ जानेवारी २०२६ ला इंडियानाने मायामीला २७-२१ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. सोळा सामने, सोळा विजय. ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी: मी पर्ड्यूचा. पर्ड्यू आणि इंडियाना एकाच राज्यात, गाडीने साधारण दोन तासांचं अंतर. दरवर्षी नोव्हेंबरअखेर आमची मॅच होते आणि जिंकणाऱ्याला मिळते बादली. विहिरीवरची जुनी लाकडी बादली. १९२५ पासून दोन विद्यापीठं तिच्यासाठी भांडताहेत. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वाधिक पराभवांचा विक्रम वर्षानुवर्षं इंडियानाच्या नावावर होता, त्यामुळे आमचा सीझन कितीही भिकार गेला तरी शेवटी बादली आणून तो गोड करून घ्यायची सोय होती. तीही गेली.

आता मुद्दा. हा चमत्कार केला कर्ट सिग्नेटीने. त्याचा इंडियानाशी आधीचा संबंध शून्य. शिकला वेस्ट व्हर्जिनियात, कोचिंग केलं भलतीकडेच, आणि वयाच्या बासष्टीत ब्लूमिंग्टनला, म्हणजे इंडियानाच्या गावी, आला. आमचा जेफ ब्रॉम २०२२ मध्ये आम्हाला बिग टेनच्या (आमच्या विद्यापीठांच्या गटाच्या) फायनलपर्यंत घेऊन गेला आणि त्याच आठवड्यात लुईव्हिलने, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कॉलेजने, बोलावलं म्हणून निघून गेला.

तर कोच घरचा, म्हणजे त्याच कॉलेजात घडलेला, असावा की भाडोत्री? होऊ द्या सुरू. एनएफएलचा (व्यावसायिक लीगचा) धागा वेगळा आहे, ते इथे आणू नका.

हूजर_हणमंत:
६६-०.
५६-३.
(मागच्या दोन बादल्या, दोन्ही आमच्या इंडियानाच्या. बाकी माझं काही म्हणणं नाही.)

बॉयलर_बापू:
आलास. वाटच बघत होतो. २०२३ पर्यंत हा गृहस्थ फक्त बास्केटबॉलच्या धाग्यावर दिसायचा, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

रोमातला_राजू:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

कोथरूडकर:
थोडं अवांतर, पण विचारतो. पुतण्या तिकडे एमएस करतोय. परवा फोनवर अभ्यासाचं विचारलं तर म्हणाला, "काका, मूड नाही." मला वाटलं पेपर वाईट गेला. तर म्हणे कोच दुसऱ्या विद्यापीठात गेला! याचा कोच? हा तर आयुष्यात कबड्डीसुद्धा खेळला नाही. विद्यापीठाच्या संघाचं एवढं सुतक कशासाठी? आणि त्या कोचना म्हणे कोट्यवधी डॉलर पगार. हे पैसे पोरांच्या फीमधून जातात का? तेवढं सांगा, म्हणजे दादाला कळवतो.

मिशिगन_मावशी:
कोथरूडकर, पुतण्याला रागावू नका, त्याला लागण झाली आहे आणि त्यावर औषध नाही.

आमच्या मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बरमधल्या स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१. वानखेडेवर साधारण ३३ हजार माणसं बसतात. म्हणजे तीन वानखेडे भरून वर उरतील एवढी माणसं, ज्या गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आहे त्या गावात, विद्यापीठाच्या संघासाठी. होम गेमच्या शनिवारी दुधाची पिशवी आणायला बाहेर पडायचं असेल तर सकाळी आठच्या आत जाऊन या, नाहीतर रात्री.

पैशाचं म्हणाल तर मोठ्या संघांचं बहुतेक काम टीव्ही, तिकिटं आणि देणगीदार माजी विद्यार्थी यांच्यावर चालतं. या देणगीदारांना इथे बूस्टर म्हणतात. बिग टेनचा २०२३ पासूनचा टीव्ही करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या घरातला. म्हणून बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात मोठा आकडा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोचचा असतो, गव्हर्नर बराच खाली. आणि कोचला मुदतीआधी काढलं तरी करारातली ठरलेली रक्कम द्यावीच लागते. तिला बायआउट म्हणतात. दादांना हे शेवटचं सांगू नका, त्यांना झोप लागणार नाही.

आगाऊ_ॲगी:
बायआउट म्हटलं की आमच्या टेक्सास ए अँड एमचं नाव निघणारच, म्हणून मीच काढतो. आमचा कोच जिम्बो फिशर, नोव्हेंबर २०२३, साडेसात कोटी डॉलरच्या वर. काम बंद करण्याबद्दल! रुपयांत सहाशे कोटी पार. आदल्याच दिवशी आम्ही मिसिसिपी स्टेटला ५१-१० असं धुतलं होतं. तरी काढला.

आणि आम्ही दुसऱ्यांचेही कोच काढून देतो, तेही फुकट. ऑक्टोबर २०२५ मध्ये एलएसयूच्या (लुइझियाना स्टेटच्या) घरी जाऊन ४९-२५ असं हरवलं, दुसऱ्या दिवशी त्यांचा कोच ब्रायन केली घरी. त्याचं बायआउट ५ कोटी ४० लाखांच्या आसपास.

बॉयलर_बापू:
केलीबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. ब्रॉम गेल्यावर आमच्या अर्ध्यामुर्ध्या टीमला सिट्रस बोलमध्ये (बोल म्हणजे सीझनअखेरची खास मॅच) याच केलीच्या एलएसयूने ६३-७ असं तुडवलं होतं. हंगामी कोच कोण, तर ब्रॉमचा धाकटा भाऊ. मोठा निघून गेला, निस्तरायला धाकटा.

बकाय_बंड्या:
घरचा-भाडोत्री हा वादच फोल आहे. माणसं निकाल बघतात, तोही मागच्या शनिवारचा. आमच्या ओहायो स्टेटचंच घ्या. ३० नोव्हेंबर २०२४, कोलंबसमध्ये मिशिगनकडून १३-१० हरलो. त्या आठवड्यात आमच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल टेपने फुली मारतात, इतकी ही मॅच जिव्हाळ्याची. हरल्यावर आमच्या कोचला, रायन डेला, हाकला म्हणून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अहोरात्र दंगा. एकाने तर नवीन कोचची यादी एक्सेलमध्ये करून टाकली, शेरे-बिरे लिहून. आणि २० जानेवारीला नोत्र दामला ३४-२३ हरवून आम्ही राष्ट्रीय विजेते! त्याच एक्सेलवाल्याने डेचा फोटो डीपीला लावला.

मिशिगन_मावशी:
बंड्या, १३-१० एवढंच वाचलं. पुढचं दिसलं नाही, चष्मा सापडत नाहीये.

बकाय_बंड्या:
मावशी, २०२५ चा निकाल २७-९. चष्मा कुठे ठेवलात ते आता आठवेल.

मिशिगन_मावशी:
त्याआधीचे सलग चार कुणाचे?

रोमातला_राजू:
पॉपकॉर्न संपलं. दुसरी पिशवी लावतो.

लिंकनची_लेक:
घरच्या कोचबद्दल बोलायचा पहिला हक्क नेब्रास्काचा आहे. तेव्हा जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

स्कॉट फ्रॉस्ट नेब्रास्कातला. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. १९९७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा. २०१७ मध्ये त्याने सेंट्रल फ्लोरिडाला तेरापैकी तेरा जिंकून दिले, आणि आमची नोकरी घेतल्यावरही परत जाऊन त्यांचा शेवटचा पीच बोल खेळवला, ऑबर्नला हरवलं. असा माणूस घरी येतोय म्हटल्यावर आख्ख्या राज्याला काय वाटलं असेल? आमच्या स्टेडियममधली तिकिटं १९६२ पासून प्रत्येक मॅचला संपताहेत. इथे एनएफएल नाही, एनबीए नाही. शनिवारी फक्त हेच. मी शिकायला आले तेव्हा मला खेळाचा ओ की ठो कळत नव्हता, पण फ्रॉस्ट येतोय हे मला किराणा दुकानातल्या बाईने सांगितलं, मी हळद शोधत होते तेव्हा.

पुढे काय झालं? १६ विजय, ३१ पराभव. आणि हरायचे तरी कसे! २०२१ मध्ये आम्ही नऊ सामने हरलो, नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. (बापू, त्यातला एक तुमचा. २८-२३. विसरले नाहीये.) धू धू धुतलं असतं तर निदान लवकर आशा सोडता आली असती. २०२२ चा पहिला सामना डब्लिनला, नॉर्थवेस्टर्नशी. २८-१७ असे पुढे. तिथे या बाबाने ऑनसाइड किक मारायला लावली! कोथरूडकर, तुमच्यासाठी सांगते: ही किक शक्यतो मागे पडलेला संघ शेवटी जिवावर उदार होऊन मारतो, चेंडू परत आपल्याच हाती लागावा म्हणून. अकरा गुणांनी पुढे असताना ती मारायचं कारण आजतागायत कुणाला कळलेलं नाही. ३१-२८ हरलो. मग सप्टेंबरात घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२. दुसऱ्या दिवशी काढला.

आता खरी मेख ऐका. त्या दिवशी त्याचं बायआउट दीड कोटी डॉलर होतं. १ ऑक्टोबरला ते निम्म्यावर येणार होतं. तीन आठवडे! तेवढाही धीर उरला नव्हता. बाहेरचा कोच असता तर २०२१ नंतरच नारळ दिला असता, एवढी वेळच आली नसती. घरचा म्हणून एक वर्ष जास्त दिलं, आणि ते एक वर्ष संपेपर्यंत लोक इतके विटले की पंचाहत्तर लाख डॉलर वाचवायलाही कुणी थांबेना. ज्याचा १९९७ चा फोटो घरात लावलेला आहे त्याला काढायचं म्हणजे तो फोटोही उतरवायचा. मला घरचा कोच नको. पुन्हा कधीच नको.

बॉयलर_बापू:
जबरदस्त पोस्ट. एक दुरुस्ती: तो २८-२३ आम्हाला आठवतही नाही. आमच्या आयुष्यात तेव्हा आनंदाच्या बऱ्याच गोष्टी होत्या.

मिशिगन_मावशी:
लेक, सगळं पटलं, पण "१९९७ चा राष्ट्रीय विजेता" असं एकट्याने म्हणायचं नाही. त्या वर्षी पत्रकारांच्या मतदानात आम्ही पहिले होतो.

लिंकनची_लेक:
आणि कोचांच्या मतदानात आम्ही. कोचांना खेळ जास्त कळतो की पत्रकारांना?

मिशिगन_मावशी:
ऑरेंज बोल संपल्यावर मतं द्या म्हणून टीव्हीवर जाहीर विनवण्या कुणी केल्या होत्या? याच तुमच्या फ्रॉस्टने.

बकाय_बंड्या:
दोघींनी भांडत राहा. ओहायोची या वादात दोघींनाही हरकत नाही.

मिशिगन_मावशी:
असो. घरच्या कोचची दुसरी बाजू मी मांडते, कारण आमचा फळला. जिम हार्बा, आमचाच क्वार्टरबॅक, २०१५ ला आला. पहिल्या पाचही वर्षांत ओहायो स्टेटकडून हरला. २०२० मध्ये दोन विजय, चार पराभव. दुसऱ्या कुणाला तेव्हाच निरोप मिळाला असता. याला काय केलं? पगार जवळजवळ निम्मा कापला आणि ठेवला. त्याने तो कापलेला पगार घेतला आणि राहिला. मग २०२१, २२, २३ अशी तीन वर्षं सलग आम्ही ओहायोला हरवलं, आणि ८ जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून विजेतेपद. घरचा असल्यामुळे आम्ही थांबलो आणि घरचा असल्यामुळे तोही अर्ध्या पगारात थांबला. भाडोत्री माणूस दुसऱ्या सकाळी एजंटला फोन लावतो.

बकाय_बंड्या:
समोरच्या संघाच्या खुणा टिपण्याचं प्रकरण तेवढं गाळलंत, मावशी. त्यावरून एनसीएएने (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने) हार्बावर ठेवलेला ठपका किती वर्षांचा आहे हेही लिहा. आणि जिंकल्यावर महिना उलटायच्या आत तो एनएफएलच्या चार्जर्सकडे गेला. थांबला म्हणे.

मिशिगन_मावशी:
चष्मा पुन्हा हरवला.

टेंपे_तात्या:
लेकीचं दुःख मान्य, पण एका फ्रॉस्टवरून सगळ्या घरच्यांना झोडपू नका. आमच्या ॲरिझोना स्टेटचा केनी डिलिंगहॅम बघा. शेजारच्या स्कॉट्सडेलचा मुलगा, एएसयूचाच विद्यार्थी. २०२२ च्या अखेरीस हेड कोच झाला तेव्हा वय ३२. पहिल्या पत्रकार परिषदेत बोलता बोलता रडला. आम्ही म्हटलं, झालं, भावनेच्या भरात अजून एक. पहिल्या वर्षी तीन विजय, नऊ पराभव. २०२४ च्या सुरुवातीला बिग ट्वेल्व्ह या आमच्या गटाच्या अंदाजात आम्ही सोळापैकी सोळावे. आणि डिसेंबरात आयोवा स्टेटला ४५-१९ हरवून आम्हीच चॅम्पियन. पीच बोलमध्ये टेक्सासला दोन ओव्हरटाइमपर्यंत खेचलं.

जॉर्जियाचा कर्बी स्मार्टही घरचाच, तिथेच खेळला. २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं, दुसऱ्या फायनलला टीसीयूला ६५-७.

डिसेंबर २०२५ मध्ये मोठ्या नोकऱ्यांच्या चर्चेत डिलिंगहॅमचं नाव फिरत होतं. त्याने करार वाढवून घेतला आणि राहिला. आमच्या ग्रुपवर लोकांनी पेढ्यांचे फोटो टाकले.

हूजर_हणमंत:
तात्या, करार वाढवणं म्हणजे निष्ठा हे कुणी सांगितलं? करार वाढला की पगार वाढतो आणि बायआउटही. निष्ठा फुकटात असते. ती आपली, स्टँडमध्ये बसणाऱ्यांची. कोचची असते ती नोकरी.

सिग्नेटीचं म्हणाल तर त्याच्याकडे एक गोष्ट होती जी मला कुठल्याही माजी विद्यार्थ्यापेक्षा मोलाची वाटते. २०११ मध्ये तो अलाबामात तिथला हेड कोच निक सेबन याच्या हाताखाली होता. चांगली नोकरी, विजेता संघ. ती सोडून कमी पगारात पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या, डिव्हिजन टूच्या (दुसऱ्या पातळीच्या) कॉलेजात हेड कोच म्हणून गेला, जिथे आधी त्याचे वडील कोच होते. तिथून ईलॉन, तिथून जेम्स मॅडिसन, तिथून आमच्याकडे. येताना डझनभर खेळाडू घेऊन आला. आल्या आल्या पत्रकारांना सांगितलं, मी जिंकतो, गूगल करा. आम्ही हसलो. आमचा २०२३ चा सीझन ३-९ होता, हसण्याशिवाय दुसरं होतं काय? आधीचा कोच टॉम ॲलन इंडियाना राज्यातलाच, लोकांचा फार लाडका. त्याने प्रेम भरपूर दिलं. शेवटच्या तीन वर्षांत विजय दिले नऊ. यंदा रोझ बोलमध्ये अलाबामाला ३८-३ हरवताना मला तरी कोचचा जन्मदाखला आठवला नाही.

आगाऊ_ॲगी:
"येताना डझनभर खेळाडू घेऊन आला" हे तू अभिमानाने सांगतोयस. जेम्स मॅडिसनच्या धाग्यावर हे वाक्य लिहून बघ.

शिवाजीपार्क_सायडर:
इतका वेळ वाचत होतो. मला ऑनसाइड-बिनसाइड कळत नाही, पण तुमचा हा घरचा-भाडोत्री वाद आमच्या क्रिकेटमध्ये होऊन गेलाय, आणि त्याचं नाव चंद्रकांत पंडित.

पंडित म्हणजे मुंबईचा विकेटकीपर, आचरेकर सरांचा चेला. २०१५-१६ ला मुंबईचा कोच, रणजी जिंकली. पुढच्या वर्षी फायनलला गुजरातकडून हरले आणि मुंबईने कोच बदलला. एक विजेतेपद, एक उपविजेतेपद, आणि नमस्कार! तो विदर्भात गेला. ज्या विदर्भाने तोवर कधी रणजी जिंकली नव्हती, त्यांना २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोनदा जिंकून दिली. मग मध्य प्रदेश. २०२२ ची फायनल, बंगळुरूचं चिन्नास्वामी, समोर कोण? मुंबई. सहा विकेट्सनी हरवलं. याच मैदानावर १९९८-९९ च्या फायनलला पंडित मध्य प्रदेशचा कॅप्टन होता आणि कर्नाटककडून हरला होता. आता मला सांगा, या माणसाचं घर कुठलं?

अजून ऐका. त्या फायनलला मुंबईचा कोच होता अमोल मुझुमदार. तोही आचरेकर सरांचाच. सचिन आणि कांबळी शारदाश्रमकडून ६६४ ची भागीदारी करत होते तेव्हा पॅड बांधून बसून राहिलेला तो हाच. भारताकडून खेळायला कधी मिळालं नाही, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कोच तोच.

बॉयलर_बापू:
वा! धाग्याचं सोनं केलंत. आणि तुमच्याकडे ट्रान्सफर पोर्टलही होतंच की. सचिन आधी वांद्र्याच्या शाळेत होता, सरांनी सांगितलं म्हणून शारदाश्रमला आला. तेव्हा कुणी त्याला गद्दार म्हटलं नाही.

शिवाजीपार्क_सायडर:
वांद्र्याच्या शाळेत विचारून बघा, म्हटलंही असेल.

कोथरूडकर:
हे ट्रान्सफर पोर्टल काय आहे?

टेंपे_तात्या:
खेळाडूने "मला दुसऱ्या कॉलेजात जायचंय" असं नाव नोंदवायची यादी. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, आता लगेच खेळता येतं. शिवाय २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात, आणि २०२५ पासून विद्यापीठंही थेट पैसे देतात, वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरची मर्यादा. त्यामुळे कोच गेला की मागोमाग निम्मी टीम जाते. सेबनने १० जानेवारी २०२४ ला निवृत्ती जाहीर केली. दोन दिवसांत वॉशिंग्टनचा डीबोर अलाबामाला गेला, त्याच्या जागी ॲरिझोनाचा फिश वॉशिंग्टनला, त्याच्या जागी सॅन होजेचा ब्रेनन ॲरिझोनाला. एक माणूस घरी बसला आणि तीन गावांतली पोरं बॅगा भरायला लागली.

आगाऊ_ॲगी:
पूर्वीही काही सगळे हरिश्चंद्र नव्हते, तात्या. १९५७ साली बेअर ब्रायंट आमचा कोच. आठपैकी आठ जिंकून देशात पहिले होतो. ब्रायंट अलाबामाला चालला अशी बातमी फुटली आणि त्याच आठवड्यात राइसकडून ७-६ हरलो. मग टेक्सासकडून ९-७. मग गेटर बोलमध्ये टेनेसीकडून ३-०. तीन सामने, एकूण फरक सहा गुणांचा. का चाललास विचारलं तर म्हणाला, आईने हाक मारली. अलाबामा म्हणजे त्याचं जुनं कॉलेज. तिथे पंचवीस वर्षं राहिला, सहा राष्ट्रीय विजेतेपदं. आता आईचं नाव घेतल्यावर भांडणार कसं? आमच्याकडची म्हातारी मंडळी अजून त्या राइसच्या मॅचबद्दल बोलतात, आणि पुढच्याच वाक्यात ब्रायंटला नावाजतातही.

लेन किफिनचं काय? त्याला कुठली आई? त्याच्या ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठाने) ११-१ असा सीझन काढला, पहिल्यांदा प्लेऑफ गाठलं, आणि ३० नोव्हेंबर २०२५ ला हा एलएसयूला चालता झाला. प्लेऑफही मीच खेळवतो म्हणत होता! ओल मिसने दार दाखवलं ते बरं केलं.

लिंकनची_लेक:
आणि तो गेल्यावर डिफेन्सचा कोच पीट गोल्डिंग हेड कोच झाला, टुलेनला हरवलं, शुगर बोलमध्ये जॉर्जियाला हरवलं, थेट उपांत्य फेरी. मायामीने थांबवलं नसतं तर किफिनला टीव्हीवर स्वतःचा संघ फायनल खेळताना बघावा लागला असता. मी तर त्यासाठी नवस बोलायच्या बेतात होते.

टेंपे_तात्या:
किफिनला सवय आहे. २०१० मध्ये टेनेसीला एकाच सीझननंतर टांग मारली तेव्हा विद्यार्थी रात्री रस्त्यावर उतरले होते. मग यूएससीने (सदर्न कॅलिफोर्नियाने) २०१३ मध्ये आमच्याकडून ६२-४१ हरून परत आल्यावर त्याला पहाटे विमानतळावरच काढला. असा निरोप दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल. त्यातला आमचा वाटा मी विनम्रपणे नमूद करतो.

मिशिगन_मावशी:
घर सोडून जाणाऱ्यांचा विषय निघालाय तर रिच रॉड्रिगेझ. वेस्ट व्हर्जिनियाचाच माजी खेळाडू आणि तिथलाच यशस्वी कोच. डिसेंबर २००७ मध्ये माहेर सोडून आमच्याकडे आला. माहेरच्यांनी बायआउटसाठी कोर्टात खेचलं, ४० लाख डॉलर वसूल केले. आमच्याकडे तीन वर्षांत १५ विजय, २२ पराभव. आम्ही काढला. आणि २०२४ अखेर वेस्ट व्हर्जिनियाने त्यालाच परत बोलावला!

आणि आता आमचा नवा कोच. काइल व्हिटिंगहॅम. (मधल्या काळात काय झालं यावर मी बोलणार नाही, कुणी विचारूही नये.) हा खेळला ब्रिगम यंगकडून, आणि २००४ अखेर ब्रिगम यंग आणि त्यांचा हाडवैरी युटा, दोघांनीही एकाच वेळी हेड कोचची जागा देऊ केली. याने स्वतःचं कॉलेज सोडून वैऱ्याची निवडली आणि तिथे एकवीस सीझन काढले. एकवीस! बापू, हा घरचा की भाडोत्री? मला तर अजून ठरवता आलेलं नाही, आणि सप्टेंबरात मला त्याच्यासाठी ओरडायचंय.

बॉयलर_बापू:
मावशी, एकवीस वर्षं एका जागी राहिला तर तीच त्याची जागा. आमच्याकडे तसा माणूस आहे, फक्त फुटबॉलला नाही. मॅट पेंटर, बास्केटबॉल. पर्ड्यूचाच खेळाडू, जीन कीडीच्या हाताखाली खेळला, २००५ मध्ये त्याचीच जागा घेतली, आजपर्यंत तिथेच. २०२३ मध्ये पहिल्या मानांकनावर असताना सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ हरलो. देशभर हसं झालं. पेंटरला काढा म्हणणारे आमच्यात कमी नव्हते. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय फायनल. युकॉनकडून हरलो, पण फायनल!

त्यामुळे माझं मत असं की घरचा कोच घ्यायचाच असेल तर त्याला जुन्या पदकांच्या जोरावर घेऊ नका. फ्रॉस्टला घेतलं १९९७ साठी. पेंटर आधी सदर्न इलिनॉयला हेड कोच होता, मग कीडीच्या शेजारी एक वर्ष मदतनीस म्हणून बसला, काम शिकला, मग खुर्ची मिळाली. स्मार्टने तेच केलं, सेबनकडे वर्षानुवर्षं उमेदवारी.

लिंकनची_लेक:
हे पटलं. फ्रॉस्टला यायची घाई आम्हीच केली.

कोथरूडकर:
एक प्रामाणिक प्रश्न. कोच पैशासाठी जातात, खेळाडू पैशासाठी जातात. मग तुम्ही लोक का थांबता? तुमची नोकरी तिसऱ्याच शहरात, पोरं चौथ्याच कॉलेजात जाणार. आमच्या वेळी पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्यला "आव्वाज कुणाचा" करून घसा बसायचा, पण कॉलेज सुटलं की सुटलं.

लिंकनची_लेक:
सुटलं म्हणता आणि अजून "आव्वाज" लिहिताना दोन व देताय!

माझ्यापुरतं सांगते. टेलगेट, म्हणजे मॅचआधी पार्किंगमध्ये गाड्या लावून खाणंपिणं. आम्ही बटाटेवडे करतो. सारण घरून मळून, ठेचा वेगळ्या डबीत, कढई छोट्या गॅसच्या शेगडीवर. नेब्रास्काच्या वाऱ्यात आंच एका बाजूला पळते, म्हणून गाडीचं मागचं दार उघडून आडोसा करायचा आणि एकाने खुर्ची घेऊन वाऱ्याच्या दिशेला बसायचं. पाव म्हणून हवाईयन रोल. गोड असतात, पण लसणीची चटणी दाबून लावली की जमतं. शेजारच्या तंबूत एक सत्तरी ओलांडलेले आजोबा असतात, त्यांना १९७१ चा संघ नंबरासकट पाठ आहे. मला डाऊन, यार्ड, पंट सगळं त्यांनी शिकवलं, मिठाच्या पुड्या मांडून. आता आम्ही दुसऱ्या राज्यात राहतो, पण वर्षातून एकदा जातोच. मागच्या खेपेला आजोबांनी विचारलं, "या वर्षी मिरची कमी का?" कोच कोण होता ते त्या दिवशी आमच्या बोलण्यात आलंसुद्धा नाही. मॅच अर्थातच हरलो.

रोमातला_राजू:
आयुष्यात पहिली पोस्ट. पत्ता पाठवा, पुढच्या वर्षी येतो.

बकाय_बंड्या:
लेक, चटणीची कृती पाककृती विभागात टाक. इथे टाकलीस तर मिशिगनवाले चोरतील, त्यांना सराव आहे.

मिशिगन_मावशी:
बंड्या, तुझी आई माझ्या ओळखीची आहे हे लक्षात ठेव.

बॉयलर_बापू:
आता जाता जाता आमच्या चालू कोचवर मत द्या. बॅरी ओडम. हा मिझुरीचा माजी खेळाडू, मिझुरीचाच कोच झाला, २५ विजय आणि २५ पराभव झाल्यावर त्यांनीच काढला. म्हणजे घरून हाकललेला, आणि आमच्याकडे भाडोत्री. पहिल्या वर्षी २-१०, बिग टेनमध्ये एकही विजय नाही. त्याआधीच्या वॉल्टर्सला १-११ नंतर आम्ही दोनच वर्षांत काढलं होतं. ओडमला किती वेळ द्यावा? माझ्या मते तीन वर्षं.

टेंपे_तात्या:
तीन. डिलिंगहॅमलाही दुसऱ्या वर्षीच जमलं, पण तो नशिबाचा भाग होता.

लिंकनची_लेक:
दोन. आणि आधी करारातली बायआउटची तारीख बघून ठेवा.

आगाऊ_ॲगी:
रक्कम कमी पडली तर आमच्याकडे अनुभवी माणसं आहेत.

हूजर_हणमंत:
दहा द्या. आमची अजिबात हरकत नाही.